साखळी ते चोर्ला: रस्ता 'राष्ट्रीय' झाला म्हणजे नेमकं काय बदललं?

पाऊस सुरू झाला की गोव्याच्या वर्तमानपत्रांत चोर्ला घाट हमखास येतो. दरड आली, झाड आडवं पडलं, अवजड वाहनांना बंदी झाली, बेळगावच्या भाजीच्या गाड्या खोळंबल्या. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एका बातमीची भर पडली आहे. हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग झाला, रुंद होणार, मोजणी होणार. साखळी, पर्ये, घोटेली, केरी या पट्ट्यात ज्यांचं घर, दुकान किंवा काजूचं भाट रस्त्याला लागून आहे, त्यांना यातून एकच गोष्ट हवी असते: राज्याचा रस्ता राष्ट्रीय झाला म्हणजे तो आपल्या अंगणात किती आत येणार?

गावच्या तिठ्यावर याची उत्तरं भरपूर मिळतात, आणि बहुतेक चुकीची असतात.

आधी रस्ता पाहून घेऊ

पणजीहून मांडवी ओलांडायची, पर्वरी, म्हापसा, अस्नोडा करत डिचोली गाठायची, तिथून साखळी. जुने गोवे आणि आमोणेमार्गेही साखळीला येता येतं. साखळीपर्यंत रस्ता वस्तीतून आणि खाणपट्ट्यातून जातो. पुढे पर्ये, घोटेली आणि मग केरी. केरीच्या वर अंजुणे धरण. धरणाचं पाणी खाली दिसू लागलं की समजायचं, घाट लागला.

माथ्याकडे सत्तरीचं सुर्ला गाव गोव्यात राहतं, शेजारी महाराष्ट्राच्या दोडामार्ग तालुक्यातलं विर्डी, आणि चोर्ला गाव कर्नाटकाच्या खानापूर तालुक्यात. तीन राज्यांच्या हद्दी इतक्या जवळ भेटतात की मोबाइलवर स्वागताचे संदेश एकामागून एक येत राहतात. पुढे कणकुंबी, जांबोटी आणि बेळगाव. पाट्या कन्नड होतात, पण चहाच्या टपरीवर मराठी सुरूच राहते.

कणकुंबीचा परिसर हा या वाटेचा खरा माथा. मलप्रभा इथे उगम पावते, पूर्वेला वाहत कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. इथलाच कळसा नाला मात्र पश्चिमेला म्हादईकडे उतरतो, म्हणजे अरबी समुद्राकडे. म्हादईच्या वादात ज्या कळसा-भांडुराचं नाव आपण ऐकत आलो, त्यातला कळसा हाच. लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी दिलेल्या निवाड्यात कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी आणि गोव्याच्या वाट्याला २४ टीएमसी पाणी आलं. तो वेगळा आणि लांबचा विषय आहे. इथे एवढं ध्यानात ठेवू, की हा रस्ता पाणलोटाच्या अगदी नाजूक भागातून जातो. पुढे रुंदीकरणाच्या प्रश्नात हे पाणी पुन्हा आडवं येणार आहे.

रस्त्यांची प्रतवारी ठरवली कोणी?

ब्रिटिश हिंदुस्थानात मोटारी वाढल्या आणि रस्ते उखडू लागले, तेव्हा १९२७ साली एक समिती नेमली गेली. अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. त्या समितीच्या कामातून पुढे १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था उभी राहिली. रस्त्यांची मानकं आजही हीच संस्था ठरवते. १९४३ च्या डिसेंबरात देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी रस्त्यांचे वर्ग पाडले: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे आजचे राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते. ऐंशी वर्षं झाली, सांगाडा तोच आहे.

मैलाच्या दगडाचा माथा पाहिला तरी वर्ग कळतो. पिवळा राष्ट्रीय, हिरवा राज्य, नारिंगी ग्रामीण. पण दगड रंगवणारा कंत्राटदार सरकारी अधिसूचनेशी शर्यत लावत नाही. त्यामुळे जुना हिरवा माथा दिसला म्हणून रस्ता अजून राज्याचाच आहे असं धरून चालू नये.

हे वर्ग रस्त्याची रुंदी किंवा गुळगुळीतपणा बघून दिलेले नसतात. रेशनकार्डाचा रंग बदलल्याने घरातली माणसं बदलत नाहीत, पण दुकानात काय मिळेल ते बदलतं. रस्त्याचंही तसंच आहे. डांबर तेच, वळणं तीच. बदलतात ती तिजोरी आणि कायदे. राज्य महामार्गाचा खर्च राज्याच्या अर्थसंकल्पातून होतो, त्याला पेट्रोल-डिझेलवरील उपकरातून उभ्या राहणाऱ्या केंद्रीय निधीचा थोडा टेकू मिळतो. राष्ट्रीय महामार्गाचा पैसा दिल्लीच्या रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाचा. काम मात्र दोन्ही ठिकाणी बहुधा आपलं साबांखाच, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खातंच, पाहतं. म्हणून खड्ड्यांची तक्रार घेऊन गेलं की टेबल एकच असतं आणि उत्तरं दोन मिळतात.

गोव्यात हे सगळं उशिरा का आलं?

नागपूरची आखणी झाली तेव्हा गोवा पोर्तुगिजांकडे होता, त्यामुळे ती इथे लागू होण्याचा प्रश्नच नव्हता. डिचोली आणि सत्तरी हे 'नव्या काबिजादी'तले भाग. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पोर्तुगिजांच्या ताब्यात आले, पण तिथल्या रानावर त्यांची पकड कधी घट्ट बसली नाही. दीपाजी राणे यांनी २६ जानेवारी १८५२ रोजी नाणूसचा किल्ला घेतला आणि पुढची काही वर्षं सरकारला झुंजवलं. १८९५ मध्ये दादा राणे यांचं बंड झालं. घाटाच्या वाटा तेव्हाही होत्या, पण त्या पायवाटा आणि बैलवाटा. खालून मीठ, नारळ, सुकी मासळी वर जायची, वरून धान्य, गूळ, मिरची खाली यायची.

पोर्तुगिजांनी घाट ओलांडायला रस्त्याऐवजी रेल्वे निवडली. १८७८ साली ब्रिटिशांशी तह झाला आणि पुढच्या दशकात मुरगाव बंदर ते कॅसलरॉक अशी रेल्वे उभी राहिली. घाटमाथ्याशी व्यापाराचा मोठा दरवाजा त्यामुळे दक्षिणेला, ब्रागांझा घाटात उघडला आणि सत्तरीची वाट मागे पडली. बेळगावला जायचं म्हणजे अनमोड किंवा आंबोली, अशी सवय कित्येक पिढ्यांना होती. चोर्ल्याचा सगळ्यांच्या तोंडी असलेला 'शॉर्टकट' ही त्या मानाने अलीकडची गोष्ट.

उत्तर गोव्याची रस्तावाहतूक किती मोजक्या पुलांवर टांगलेली होती, हे १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे दिसलं. भारतीय सैन्य दोडामार्गाकडून आत येत होतं आणि पोर्तुगिजांनी डिचोली, अस्नोडा आणि शापोरा इथले पूल उडवले. छत्तीस-एक तासांत सगळं आटोपलं, पण नव्या प्रशासनाच्या हाती आले ते असे तुटके रस्ते. पणजी आणि बेतीच्या मध्ये तर पूलच नव्हता, फेरीबोट होती. मांडवीवरचा पहिला मोठा पूल १९७० ला झाला, ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, आणि नवा पूल मिळायला १९९२ उजाडलं. त्या मधल्या वर्षांत फेरीच्या रांगेत उभे राहिलेल्यांना 'महामार्ग' हा शब्द थट्टेसारखा वाटला असेल.

मुक्तीनंतर गोवा देशाच्या प्रतवारीत आला. १९७४ मध्ये गोवा, दमण व दीवसाठी स्वतंत्र महामार्ग कायदा झाला. त्यामुळे एखादा रस्ता महामार्ग म्हणून जाहीर करायचा आणि त्याच्या हद्दी ठरवायच्या, हा अधिकार इथल्या सरकारकडे आला.

७४८ एए हे काय प्रकरण आहे?

बेळगाव–जांबोटी–चोर्ला–साखळी या रस्त्याचा राष्ट्रीय क्रमांक ७४८ एए. हा आकडा उगाच दिलेला नाही. २०१० मध्ये देशातल्या राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. शेवटचे दोन आकडे मूळ मार्ग सांगतात. इथे तो ४८, म्हणजे दिल्लीहून मुंबई, बेळगावमार्गे चेन्नईला जाणारा. आधीचा ७ ही त्याची एक शाखा. बेळगावहून अनमोड, मोले, फोंडामार्गे पणजीला येणारा ७४८ आपल्याला '४ ए' या जुन्या नावाने ठाऊक आहे. त्याच शाखेला फुटलेली आणखी एक फांदी म्हणून पुढे अक्षरं.

सम आकडा उत्तर-दक्षिण मार्गाला आणि विषम आकडा पूर्व-पश्चिम मार्गाला द्यायचा असाही नियम आहे. पनवेलहून कोकण-गोवा करत कन्याकुमारीला सरळ दक्षिणेकडे उतरणारा आपला महामार्ग म्हणूनच ६६.

मग अंगणाचं काय?

रस्ता म्हणजे फक्त डांबराचा पट्टा, असं आपण धरून चालतो. सरकारच्या लेखी त्यात डांबर, साइडपट्टी, गटार, त्यापलीकडची मोकळी जागा हे सगळं येतं. या पूर्ण पट्ट्याला रस्त्याची हद्द म्हणू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार सपाट, मोकळ्या ग्रामीण भागात ही हद्द राष्ट्रीय महामार्गासाठी ४५ मीटर असावी. आणि राज्य महामार्गासाठी? तीही ४५ मीटरच. डोंगराळ भागात दोन्हींसाठी २४ मीटर. प्रमुख जिल्हा मार्गाला मात्र सपाटीवर २५ मीटर पुरतात.

म्हणजे 'राष्ट्रीय झाला म्हणून हद्द वाढली' हे मानकात कुठेही नाही. राज्य महामार्ग असतानाही शिफारस तेवढीच होती. पैसा नव्हता, घाई नव्हती, म्हणून ती कागदावर झोपून होती, आणि केरी-पर्येत लोकांनी रस्त्याच्या कडेपर्यंत पोफळी, गडगे, दुकानं नेली.

हद्दीच्या बाहेर आणखी दोन रेषा असतात. बांधकाम रेषेच्या आत, म्हणजे रस्त्याच्या बाजूला, नवं बांधकाम होऊ द्यायचं नाही. नियंत्रण रेषेपर्यंत बांधता येतं, पण अटींवर. सपाट ग्रामीण भागात मध्यरेषेपासून ४० आणि ७५ मीटर अशी त्यांची शिफारस आहे. प्रत्यक्षात कुठे किती, ते अधिसूचना आणि जागा पाहून ठरतं. बांधकाम रेषेत जमीन तुमच्याच नावावर राहते, एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातल्या सातबाऱ्यासारख्या, उताऱ्यावर तुमचंच नाव, पण त्यावर घर होत नाही. रस्त्याला लागून भूखंड घेताना हा तपशील दलाल सहसा सांगत नाही.

वर्गाने खरंच इतका फरक पडतो का?

पडतो, आणि गोव्याने तो बारच्या काउंटरवर अनुभवला आहे. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारूची दुकानं १ एप्रिल २०१७ पासून बंद करण्याचा आदेश दिला. आदेशात जिल्हा मार्ग नव्हते. म्हणजे एकाच गावातल्या दोन बारपैकी एकासमोरचा रस्ता कागदावर राज्य महामार्ग असला तर त्याला टाळं, आणि लांबच्या प्रमुख जिल्हा मार्गावरचा सुरक्षित. पुढे २०,००० पर्यंत लोकसंख्येच्या भागांसाठी अंतर २२० मीटर झालं. गोव्यातल्या बहुतेक पंचायती त्यात आल्या. जुलै २०१७ मध्ये पालिका क्षेत्रांना मोकळीक मिळाली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये पंचायत क्षेत्रांचा निर्णय राज्यांवर सोपवला गेला.

त्या काळात काही राज्यांनी शहरातून जाणारे राज्य महामार्ग एका अधिसूचनेने चक्क जिल्हा मार्ग किंवा शहरी रस्ते करून टाकले. रस्ते जागचे हलले नाहीत, दुकानंही नाहीत. वर्ग बदलला एवढंच.

'रुंद केला तर बिघडलं कुठे? अपघात तरी कमी होतील'

हा आक्षेप रास्त आहे. भाजी, दूध, रुग्णवाहिका सगळं याच वाटेने येतं. राष्ट्रीय महामार्ग किमान दुपदरी आणि दोन्ही बाजूंना पक्की साइडपट्टी असलेला हवा, म्हणजे साधारण १० मीटरचा, असं सध्याचं धोरण आहे. सपाटीवर ते सोपं. घाटात गणित फिरतं.

डोंगरात चढ साधारण २० ला १ ठेवतात, म्हणजे २० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. समजा ७०० मीटर चढायचं आहे. २० ने गुणलं की १४ किलोमीटर रस्ता लागतो. नकाशावर पायथा आणि माथा अगदी जवळ दिसले तरी हे १४ किलोमीटर कुठेतरी मावायला हवेत. ती जागा वळणांत मिळते. 'वळणं काढून सरळ करा' म्हणणाऱ्याला चढ तरी वाढवावा लागेल किंवा बोगदा तरी खणावा लागेल.

रुंदी वाढवायची तर दरीकडे भिंत बांधून भराव घालायचा किंवा डोंगर कापायचा. कापणं स्वस्त, म्हणून आधी तेच सुचतं. पण सत्तरीचा पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास जातो. कापलेल्या उभ्या कडेवरची माती पाणी पिऊन जड होते, आणि तिला धरून ठेवणारी मुळं गेलेली असतात. मग दरड. घाटरस्त्याचा खरा जीव गटारं आणि मोऱ्यांत असतो. डोंगरातून आलेलं पाणी रस्त्याखालून पलीकडे गेलं नाही तर वरचं हॉटमिक्स कितीही चांगलं असो, दोन पावसाळ्यांत खालचा थर फुगून वर येतो. उद्घाटनाचा नारळ मात्र हॉटमिक्सवर फुटतो. मोरी साफ केल्याचा फोटो कोणी छापत नाही.

त्यात हा परिसर म्हादई अभयारण्याचा. ते १९९९ मध्ये जाहीर झालं. वनजमीन वळवायला १९८० चा वनसंवर्धन कायदा आणि अभयारण्याच्या जागेला १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो. राष्ट्रीय क्रमांक मिळाल्याने या परवानग्या माफ होत नाहीत. काम रखडलं की खापर 'पर्यावरणवाल्यां'वर फुटतं. माझं मत विचाराल तर घाटात सगळीकडे १० मीटरचा हट्ट धरण्यापेक्षा वळणांवर तेवढी रुंदी, मजबूत संरक्षक भिंती आणि मोठ्या मोऱ्या यांवर पैसा घालणं शहाणपणाचं.

रस्ता खराब नेमका कोण करतं?

मोटारी नव्हेत. रस्त्याचं नुकसान आसावरच्या (अ‍ॅक्सलवरच्या) वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं, असं अभियंते धरतात. वजन दुप्पट झालं तर नुकसान सोळापट. आखणी करताना ८.२ टनांचा आस प्रमाण मानतात. २०१८ मध्ये केंद्राने चार टायरच्या एका आसाची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली. हिशेब मांडला तर असा आस प्रमाण आसाच्या जवळपास चौपट नुकसान करतो, आणि तेही कायदेशीर वजनात. ज्यादा भरलेल्या ट्रकचं तर बोलायलाच नको.

साखळी-डिचोलीकरांना हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. खाणी जोरात असताना खनिजाचे ट्रक रांगेने जेटीकडे जायचे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, २०१४ मध्ये बंदी उठली, फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीज रद्द झाल्या. रस्त्यांनाही या तारखा कळल्या असतील. पोटापाण्याची चिंता वेगळी, ती इथे हलकी करायची नाही.

जमीन गेलीच तर?

दर्जा बदलल्याचा सामान्य माणसाला सर्वांत मोठा फरक इथे पडतो. त्याबद्दल बोललं मात्र सर्वांत कमी जातं.

राज्य महामार्गासाठी जमीन घ्यायची तर २०१३ चा भूसंपादन कायदा लागतो. त्यात आधी सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि जनसुनावणी ही पायरी आहे, आणि प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीसाठी ६० दिवस. राष्ट्रीय महामार्गासाठी १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा लागतो. २०१३ च्या कायद्याने तो आपल्या चौथ्या परिशिष्टात वेगळा ठेवला आहे, म्हणून सामाजिक परिणामांचा अभ्यास इथे सक्तीचा नाही. आणि हरकतीसाठी दिवस फक्त २१.

पैशाच्या बाबतीत मात्र तोटा नाही. १ जानेवारी २०१५ पासून राष्ट्रीय महामार्गाच्या संपादनालाही २०१३ च्या कायद्याप्रमाणेच मोबदला मिळतो: बाजारभाव, ग्रामीण भागात त्यावर १ ते २ च्या दरम्यानचा गुणक, आणि वर शंभर टक्के दिलासा रक्कम. रक्कम पटली नाही तर केंद्राने नेमलेल्या लवादाकडे जाता येतं.

सत्तरीत अडचण वेगळीच आहे: मोबदला घ्यायचा कोणाच्या नावाने? इथे मोकासो आणि आल्वारा, म्हणजे पूर्वीच्या राजवटींनी दिलेल्या, जमिनींचे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या लोंबकळत आहेत. कसणारा एक, उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं, आणि रस्त्याकाठच्या घरात मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा, तिसरा. संपादन अधिकारी कागद बघतो. ज्याचं नाव नाही त्याला आधी आपला हक्क सिद्ध करावा लागतो, तोवर रक्कम अडकून राहते. म्हणून मोजणीवाले यायची वाट न पाहता मामलेदार कचेरीत मुंडकार नोंदणीचा किंवा कुळाचा दावा कुठवर आला आहे, ते पाहून घेतलेलं बरं.

राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम ३ अ खालची अधिसूचना राजपत्रात येते आणि तिचा गोषवारा दोन स्थानिक वृत्तपत्रांत छापावा लागतो, त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं. त्यात गाव, सर्वे नंबर आणि क्षेत्र असतं. आपला सर्वे नंबर दिसला तर २१ दिवसांच्या आत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्यायची आणि त्याची पोच घ्यायची. हरकत दिली की म्हणणं मांडण्याची संधी मिळते. पुढे कलम ३ ड खालची घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारकडे जाते. त्यानंतर फक्त रकमेबद्दल भांडता येतं, जमिनीबद्दल नाही. ग्रामसभेत ठराव घेतला, आमदारांना निवेदन दिलं, तरी ती लेखी हरकत धरली जात नाही. तिच्यावर आपली सही लागते.